करंजदरीचा प्रश्न कोणी मागे घेतला?

(१) प्रश्न नाहीसा झाला, हे खरे आहे काय?

खरे आहे. गुरुवारी सकाळी पंचवटीतल्या संपर्क कार्यालयाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात रंगनाथने विधानभवनातून मेलवर आलेल्या पत्राचा नुकताच छापलेला कागद ज्योत्स्नाबाईंच्या टेबलावर आपटला.

"वाचा ताई. साहेबांनी स्वतःचाच प्रश्न मागे घेतलाय, आणि साहेबांना पत्ता नाही."

रंगनाथ म्हणजे आमदार देवराम करवंदे यांचा स्वीय सहायक. साहेबांचा फोन, साहेबांचा राग आणि साहेबांची मधुमेहाची गोळी, तिन्ही त्याच्याच खिशात. आणि ज्योत्स्ना वाघचौरे म्हणजे सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या अधिसेविका. कार्यालयातला आरोग्य कक्ष त्या बिनपगारी चालवत. कुणाला खाट मिळत नाही, कुठल्या केंद्रात सर्पदंशावरची लस संपली, कुठल्या नर्सचं मानधन थकलं, हे आधी बाईंना कळायचं, मग आमदारांना, मग सभागृहाला. साहेबांचं आरोग्यावरचं जेवढं नाव होतं, त्यातलं निम्मं बाईंच्या टेबलावरून गेलेलं.

मागे घेतलेला प्रश्नही तिथूनच गेला होता:

*"करंजदरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत दिनांक १७ सप्टेंबर रोजी पहाटे हिराबाई भोये, वय २२, या गरोदर मातेचा वेळेत रुग्णवाहिका न मिळाल्याने मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, त्या वेळी केंद्राची रुग्णवाहिका व उंबरमाळ उपकेंद्राची आरोग्यसेविका कोठे होती? तेथील कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन सात महिने थकीत आहे, हेही खरे आहे काय?"*

या प्रश्नावर एका माणसाची नोकरी टांगलेली होती. सविता गावित. उंबरमाळची कंत्राटी आरोग्यसेविका, नर्सिंग स्कूलमध्ये बाईंच्या हाताखाली शिकलेली. हिराबाईला कळा सुटल्या तेव्हा सविता उपकेंद्रात नव्हती, असं हिराबाईच्या सासूने, कुसाबाईने लिहून दिलं होतं. येत्या सोमवारी सुनावणी. ऑक्टोबरात सविता अर्ज घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, "मला ड्युटीवर बाहेर पाठवलं होतं बाई. तोंडी. लेखी काही नाही."

"कोणी पाठवलं?"

"वरून."

बाईंनी पुढे विचारलं नाही. जन्म सरकारी नोकरीत गेलेला. "वरून" म्हटल्यावर त्यांना ते पुरलं.

सभागृहात प्रश्न आला असता तर मंत्र्यांना सांगावंच लागलं असतं, गाडी कुठे होती आणि नर्स कुठे होती. ते छापील उत्तर हातात आलं की सविता सुटली असती. आता प्रश्नच नाही.

(२) असल्यास, सही कोणाची?

"माझीच," आमदार म्हणाले. आतल्या खोलीतून ते कुर्त्याची बटणं लावत आले होते. उजेडाकडे कागद धरून त्यांनी दोनदा पाहिलं. "सही माझी. पत्र माझं नाही."

पत्र दोन ओळींचं होतं. तारांकित प्रश्न क्रमांक ५१८७४ मी मागे घेत आहे. तो कामकाजातून वगळण्यात यावा.

यात चमत्कार काहीच नव्हता. आमदार अधिवेशनाला गेले म्हणून पेशंट थांबत नाहीत. इस्पितळाला शिफारसपत्र द्यायचं तर आजच द्यावं लागतं. म्हणून निघण्याआधी साहेब कोऱ्या लेटरहेडांच्या तळाशी सह्या करून ठेवत, मजकूर मागाहून पडे. त्या सोयीने कितीतरी माणसं जगली होती. आज त्याच सोयीने कुणीतरी प्रश्न मारला होता.

बाई साहेबांकडे बघत राहिल्या.

"माझ्याकडे असं बघू नका, ज्योत्स्नाताई. मला हा प्रश्न हवा होता. मानधनाचं माझं सगळं भाषण त्याच्यावर बेतलंय. सोमवारी नागपुरात काय वाचू, शिरा-पुरीची पाककृती?"

"मग तुमच्या सह्या कुणाकुणाकडे असतात?"

"ते ह्याला विचारा." आमदारांनी रंगनाथकडे बोट केलं आणि आत गेले.

"झालं," रंगनाथ म्हणाला. "आता फाशी मला."

(३) संशयित किती?

बाईंनी खुर्ची ओढली ती रंगनाथसमोर नाही, टायपिस्ट संध्यासमोर. कार्यालयातला प्रत्येक कागद संध्याच्या बोटांखालून जायचा.

संध्याने पत्र उलटसुलट केलं. "हा कागद आपला नाही."

"वर साहेबांचं नाव छापलंय की."

"नावाखाली बघा. काही नाही. ऑक्टोबरात साहेबांना समितीवर घेतलं, तेव्हा नवीन लेटरहेड छापलं. नावाखाली समितीची ओळ आली. पत्र नोव्हेंबरचं आणि कागद जुना. जुने मी स्वतः अर्धे फाडून कच्च्या कामाला घेतले. सही केलेला एकही उरला नव्हता." ती थांबली. "इथे तरी."

"आणखी?"

"हा नंबर. आपण प्रश्न ऑनलाइन भरला तेव्हा पावतीवर वेगळाच नंबर आला होता. सगळ्या फायलींवर तोच आहे. ५१८७४ मी आज पहिल्यांदा बघतेय."

"ए, मी पण आजच," रंगनाथ घाईने म्हणाला.

"मग हा आला कुठून?"

रंगनाथला समजावून सांगायला आवडायचं. भीती वाटली की जास्तच. "प्रश्न स्वीकारला की विधानभवन त्याला नंबर देतं, ताई. मग तो मंत्रालयात खात्याकडे जातो. खातं विचारतं संचालकांना, संचालक जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला, तालुका त्या केंद्राच्या डॉक्टरला. सोबत शेरा, माहिती तातडीने सादर करा. डॉक्टरने लिहिलेलं मग पायरी-पायरीने वर जातं आणि मंत्री वाचून दाखवतात."

"म्हणजे ज्याच्याविषयी विचारलं, तोच उत्तर लिहितो?"

"मग काय मंत्री जाणार करंजदरीला?"

सही केलेले जुने कागद कार्यालयाबाहेर एकदाच गेले होते. सप्टेंबरात, साहेबांच्या वाढदिवसाच्या महाआरोग्य शिबिरात. शिफारस टेबलासाठीचा लिफाफा बाईंनीच भरून दिला होता. त्या टेबलावर चार केंद्रांचे चार डॉक्टर आलटून पालटून बसले होते.

चौघांकडे कागद होता. ५१८७४ हा आकडा त्या चौघांतल्या एकाच्याच टेबलावर पोचलेला असणार.

(४) रुग्णवाहिका कोठे होती?

शुक्रवारी बाई पेठच्या एसटीत बसल्या, पुढे जीप केली. करंजदरी केंद्राच्या आवारात लखन गाडीची काच पुसत होता. हा कंत्राटी ड्रायव्हर, सात महिने बिनपगारी.

"लखन, सतरा सप्टेंबरच्या पहाटे गाडी कुठे होती?"

"वहीत बघा ना बाई."

वहीत होतं: *सोळा ते सतरा, दुरुस्तीकरिता नाशिक.*

"काय दुरुस्ती केली?"

"अक्षर माझं हाय, डोकं माझं नाय. लिव्ह म्हनले, लिवलं."

"मग होती कुठे?"

लखनने फडकं पिळलं. "तुमाला नाय ठाव?" तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "फुगे बांधले व्हते बाई गाडीला. चारी कोपऱ्याला. आपल्या वानी पाच गाड्या आन् त्यांच्या मागं साहेबांचा ह्यो एवढा फोटो. लोकं सेल्फी काढत व्हती. आख्खा दिवस एक पेशंट नाय बसला आत."

"शिबिर सोळाला होतं. हिराबाई सतराला गेली."

"सोळाला सोडलं कुठं? सकाळी ऑपरेशनवाल्या म्हाताऱ्यांना घरी पोचवायचं, तवर थांब म्हनले." तो पुन्हा काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. "कुसाबाईनं उंबरमाळला रात्रभर उपकेंद्राचं दार वाजवलं म्हनत्यात. मी काय नाशकातून ऐकनार?"

(५) उत्तराचा मसुदा

*(करंजदरी केंद्राचे डॉ. मनोज यांच्या टेबलाच्या खणात सापडलेले तीन कागद. पहिले दोन खोडलेले.)*

प्रश्न क्र. ५१८७४. हे अंशतः खरे आहे. रुग्णवाहिका दुरुस्तीसाठी

प्रश्न क्र. ५१८७४. हे खरे नाही. रुग्णवाहिका उपलब्ध होती, तथापि नातेवाईकांनी उशिरा

प्रश्न क्र. ५१८७४. होय, हे खरे आहे. रुग्णवाहिका व आरोग्यसेविका या दोन्ही मा. श्री. देवराम करवंदे, विधानसभा सदस्य, म्हणजे प्रश्न विचारणारे सदस्य, यांच्या वाढदिवसाच्या शिबिरात होत्या.

(६) पत्र कोणी लिहिले?

"तिसरा खरा होता," डॉ. मनोज म्हणाले. पस्तिशीचा माणूस, तोही कंत्राटी. बाईंनी लेटरहेड आणि नंबर अशा दोनच गोष्टी समोर ठेवल्या, आणि त्यांनी खण स्वतःच उघडला होता. "तिसरा वर पाठवला असता तर काय झालं असतं सांगा, सिस्टर. सभागृहात मंत्री उठून सांगणार, सन्माननीय सदस्य, गाडी तुमच्याच फोटोखाली होती. साहेब गेले असते. साहेबांच्या आधी मी."

"म्हणून प्रश्नच मारलात."

"आधी रंगनाथरावांना फोन केला. म्हणालो, करंजदरीचा प्रश्न अडचणीचा आहे. ते म्हणाले, डॉक्टर, आमचे तीस प्रश्न आहेत, कुठला कुठला लक्षात ठेवू? तुमच्या लेव्हलला मिटवा. शिबिरातलं एक कोरं पत्र माझ्या पाकिटात राहिलं होतं. मिटवला."

"आणि सविता?"

खिडकीबाहेर व्हरांड्यात गर्भवतींची रांग होती.

"तिला मी आदेश दिला नव्हता. मला तरी कुठे होता? फोन आला होता. गाडी पाठवा, आणि सविताला पाठवा, बायका तिचं ऐकतात. संध्याकाळी पुन्हा फोन, मोतीबिंदूचे पेशंट रात्री इथेच राहतायत, सविता थांबेल, गाडी सकाळी सोडते."

"कुणाचा फोन?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर सोसला असता.

"सिस्टर, तुमचाच की."

(७) हे खरे आहे काय?

होय.

त्या दिवशी बाईंनी साठेक फोन केले होते; कुणाला बोलावलं, कुणाला थांबवलं, ते दुसऱ्या दिवशी लक्षातही नव्हतं. डॉक्टरांना दुसरा केला तेव्हा त्यांच्या डाव्या हातात केकची प्लेट होती.

(८) हे आधी का सांगितले नाही?

"काय सांगणार होते बाई?" फोनवर सविताचा आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता. "तुमचं नाव घालून तुमच्याच ऑफिसात अर्ज द्यायचा? मला वाटलं, नुसतं विचारलं तरी पुरे. उत्तर सरकार देईल. त्यात नाव कुणाचं यायचं ते येईल. माझ्या तोंडून नको."

"अगं, पण मला एकटीला सांगायचंस."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. आणि माहीत असूनही तुम्ही प्रश्न टाकताय. मला केवढं बरं वाटलं होतं त्याचं."

(९) सन्माननीय सदस्य खुलासा करतील काय?

रविवारी सकाळी आमदारांची गाडी नागपूरला निघायच्या तयारीत उभी होती. बाई दारातच आडव्या आल्या.

"एक ओळ द्या. सविता गावित सोळा आणि सतरा सप्टेंबरला माझ्या कार्यालयाच्या सूचनेवरून शिबिराच्या कामावर होती. बस. नोकरी वाचेल तिची."

आमदारांनी सगळं ऐकून घेतलं. खाली बसून, नीट. ते वाईट माणूस असते तर गोष्ट सोपी झाली असती.

"ताई, ती ओळ दुपारपर्यंत सगळ्या वर्तमानपत्रांत असेल. आमदाराच्या वाढदिवसाने बाळंतिणीचा बळी घेतला. त्यानंतर मी सभागृहात नर्सांच्या मानधनावर बोलायला उभा राहिलो तर समोरचे बसून हसतील. गेल्या वेळी वाढ कुणी मिळवून दिली?"

"तुम्ही."

"थकबाकी कोण मागतंय? पाड्यांवर नर्स हवी म्हणून कोण ओरडतंय? माझ्याशिवाय एक नाव सांगा."

साहेबांच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं, हीच त्यातली घाण होती.

"म्हणजे हजारोंसाठी एक."

"असं मी म्हणत नाही."

"म्हणालात तरी लिहून कुठे देणार आहात तुम्ही?"

आमदार उठले. "रंगनाथ, सविताताईंसाठी एक पत्र कर. प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. चांगलं लिही." पायरी उतरता उतरता ते वळले. "त्या डॉक्टरचं मी काही करत नाही. बिचारा घाबरलेला."

(१०) सुनावणीत काय निष्पन्न झाले?

सोमवारी बाईंनी सहानुभूतीचं पत्र पर्समध्येच ठेवलं. त्याऐवजी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पानभर निवेदन सुनावणी अधिकाऱ्यांच्या पुढे सरकवलं. सविताला मी बोलावलं. रात्री मी थांबवून घेतलं. गाडीही मीच अडकवली. दोष माझा आहे.

लिहिताना त्यांना हलकं वाटलं होतं. आदल्या रात्री झोपही लागली होती.

अधिकारी मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"आपण त्या दिवशी कुठल्या पदावर होतात?"

"निवृत्त."

"मग आमदारांच्या कार्यालयात नेमणूक?"

"नेमणूक नाही. सेवा म्हणून बसते."

"डॉक्टर म्हणतात, त्यांनी आदेश दिला नव्हता. बरोबर?"

"बरोबर. मी फोन केला."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे तुम्ही का आणलंत? गैरहजर होती असं फक्त कुसाबाई म्हणत होत्या. रजिस्टरवर तर हिची सोळा-सतराची सही आहे. आठवड्याच्या सह्या सोमवारीच करून टाकतात ह्या सगळ्या, मला ठाऊक आहे, पण कागदावर ती हजर होती. मी संशयाचा फायदा देऊन सोडणार होतो. लिहून ठेवलं होतं तसं." त्यांनी एक टाइप केलेलं पान पालथं घातलं. "आता गैरहजेरी सिद्ध झाली. तुमच्या सहीने."

"पण ती कामावर होती! पेशंटपाशी होती!"

"कुणाच्या आदेशाने?"

सविता खाली मान घालून बसली होती. तिने एकदा बाईंच्या हातावर हात ठेवला, जसा ती पेशंटच्या हातावर ठेवत असेल, आणि काढून घेतला.

दुपारी आदेश मिळाला. *सदर सेविकेने एका खाजगी व्यक्तीच्या दूरध्वनीवरून, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय मुख्यालय सोडल्याचे श्रीमती वाघचौरे यांच्या निवेदनावरून सिद्ध होते. सबब, सेवा समाप्त करण्यात येत आहे.*

(११) यावर कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?

दोघी बाहेर चहाच्या टपरीशी उभ्या राहिल्या. संध्याने एक व्हिडिओ पाठवला होता. नागपूरच्या सभागृहात आमदार देवराम करवंदे बोलत होते. प्रश्न गेला तरी बोलायला त्यांनी दुसरी वाट काढली होती. कंत्राटी आरोग्यसेविकांचं थकीत मानधन महिनाअखेर देऊ, असं मंत्र्यांनी उठून सांगितलं. बाकं वाजली.

"म्हणजे सात महिन्यांचे येतील तुझे," बाई म्हणाल्या, आणि म्हणताच आपल्या तोंडून हे बाहेर कसं पडलं, याचं त्यांना नवल वाटलं.

"येऊ देत की. कामाचे आहेत." सविताने चहा संपवला. "साहेब बोलले चांगलं."

"सविता, मला शिव्या दे."

"काय उपयोग बाई? तुम्ही खरं ते सांगितलंत. मी नसतं सांगितलं, एवढंच."

तिचा फोन वाजला. ती पाठ वळवून बोलली, पाड्यावरच्या कोकणा बोलीत, पटपट. मध्येच थांबून घड्याळ बघितलं. फोन ठेवला तेव्हा पर्स खांद्यावर चढवून झाली होती.

"उंबरमाळहून होता. भोयांच्या शेजारची पोर आहे, पहिलटकरीण. पाणी गेलंय म्हणतात."

"उपकेंद्रात कोण आहे?"

"आज सकाळपर्यंत मी होते."

"नको जाऊस. ऐक माझं. तुला आता तिथे हात लावायचासुद्धा अधिकार नाही. काही कमीजास्त झालं तर हे लोक खाजगी व्यक्तीने केलं म्हणून लिहितील आणि थेट केस करतील तुझ्यावर."

"लिहू देत," सविता म्हणाली, आणि सीबीएसच्या एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षाला तिने हात केला.